डिस्क ब्रेक दाबला तरी प्रेशर येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कुणीतरी हमखास उकिडवं बसलेलं असतं. हातात आठचा पाना, कॅलिपरला, म्हणजे चाकाजवळ डिस्कला पकडणाऱ्या भागाला, लावलेली सलाईनची नळी आणि तोंडी एकच वाक्य, "तीन वेळा एअर काढली, तरी लिव्हर हँडलला टेकतोय." एअर काढणं म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. मी मेकॅनिक नाही. पण गेली बरीच वर्षं माझी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची गाडी खोलतोय आणि तेच ते प्रश्न ऐकतोय, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. हे सगळं दुचाकीच्या, ऑइलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकबद्दल आहे. केबलच्या ड्रम ब्रेकची गोष्ट निराळी.

प्रेशर येतं म्हणजे आत नक्की काय होतं?

लिव्हर दाबला की हँडलवर त्याच्या मुळाशी असलेल्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पुढे सरकतो. त्याच्या तोंडाशी रबराचा कप असतो. हा कप पहिल्या एखाद्या मिलिमीटरमध्येच ऑइलच्या टाकीकडे जाणारं एक बारीक छिद्र ओलांडतो आणि ते बंद होतं. तिथून खाली कॅलिपरपर्यंत ऑइलचा बंद स्तंभ तयार होतो. ऑइल दबत नाही, त्यामुळे वरचा जोर जसाच्या तसा खाली पोचतो आणि कॅलिपरमधले घासणारे पॅड डिस्कला चिकटतात.

पॅड आणि डिस्क यांच्यातली फट अगदी जेमतेम असते, म्हणून लिव्हरच्या एका दाबात पुढे जाणारं ऑइलही थेंबांत मोजण्याइतकंच असतं. वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा आत राहिला तर तुमचा सगळा दाब त्या बुडबुड्याला चेपण्यातच संपतो. ब्रेकमध्ये एवढी ताकद असूनही तो इतक्या क्षुल्लक हवेने हात टेकतो, त्याचं कारण हे.

हवा आहे, गळती आहे की मास्टर सिलिंडर गेलाय, हे कसं ओळखायचं?

सुटे भाग आणायला पळण्याआधी पाच मिनिटं नुसतं बोटांनी ऐका. माझ्या मते निम्मे पैसे इथेच वाचतात.

लिव्हर पटापट पाच-सहा वेळा दाबा. दर दाबाला तो वर येत गेला, थोडा कडक झाला, पण स्पंजसारखा लागला तर आत हवा आहे. पंप केल्यावर दगडासारखा कडक होतो, मात्र गाडी फिरवून आणली की पहिला दाब पुन्हा रिकामा जातो, असं असेल तर हवेला दोष देऊ नका. डिस्क वाकलेली असेल किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं असेल. डिस्क डुलते, पॅडना मागे ढकलते आणि फट वाढते. कितीही पंप केलं तरी काहीच फरक पडत नसेल तर मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतच नाहीये, किंवा ऑइल कुठून तरी बाहेर जातंय.

मग लिव्हर मध्यम जोराने दाबून अर्धा मिनिट तसाच धरा. तो हळूहळू हँडलकडे सरकत गेला आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर ऑइल कपाच्या कडेने टाकीत परत जातंय. कप झिजलाय किंवा सिलिंडरच्या आत ओरखडे पडलेत. बाहेरची ओल शोधताना तीन जागा चुकवू नका: लिव्हरच्या मुळाशी रबरी बूट असतो त्याच्या आत, होस म्हणजे ऑइल खाली नेणारी नळी, तिच्या दोन्ही टोकांना धरणारे बॅन्जो बोल्ट, आणि कॅलिपरच्या पिस्टनभोवती. बुटाच्या आत ओल म्हणजे मागचं सील गेलं. टाकीतली पातळी उतरतेय पण थेंब दिसत नाही, असं असेल तर पॅड किती झिजलेत तेही बघा. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि पातळी आपोआप खाली जाते, ती गळती नव्हे.

शंका उरलीच तर मास्टर सिलिंडर एकटा तपासता येतो. होस काढा आणि त्या भोकात त्याच आट्यांचा भरीव बोल्ट तांब्याचा वॉशर घालून लावा. बॅन्जो बोल्ट चालणार नाही, तो पोकळ असतो. आटे सगळीकडे सारखे नसतात: दहा मिलिमीटरच्या बोल्टला काही गाड्यांत १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर), काहींत १. चुकीचा बोल्ट जबरदस्तीने फिरवलात तर सिलिंडर भंगारात. आतली हवा काढून लिव्हर दाबला की तो भिंतीसारखा लागायला हवा. लागला तर वरचा माल ठीक, दोष खाली शोधा.

एअर काढायची नीट पद्धत कोणती?

टाकीच्या खाली आणि पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर पुसत बसू नका, आधी पाणी ओता.

टाकी भरा. कॅलिपरवर हवा सोडायचं छोटं निपल असतं, त्यावर रिंग पाना आधी चढवा, मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून. लिव्हर दाबा, दाबूनच ठेवा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलपर्यंत गेला की निपल बंद करा, आणि मगच लिव्हर सोडा. क्रम एकदा जरी उलटला, म्हणजे निपल उघडं असताना लिव्हर सुटला, तरी हवा परत आत. दर सात-आठ दाबांनी टाकीत डोकवा. टाकी तळाला गेली की केलेलं सगळं पाण्यात. दोघं असाल तर एकाने लिव्हर धरायचा, दुसऱ्याने पाना, आणि दोघांनी मोबाइल बाजूला ठेवायचा.

निपल आवळताना दया दाखवा. ते पोकळ असतं, मनगटाच्या जोराने बसतं. लांब पाना लावून आवळणाऱ्यांची तुटलेली निपलं मी पाहिली आहेत.

तासभर झाला, नळीतले बुडबुडे थांबतच नाहीत. एवढी हवा येते कुठून?

सिरिंजने किंवा हातपंपाने खालून ओढत असाल तर ती हवा बहुधा ब्रेकमधली नसतेच. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा नळीत ओढली जाते. ओढणं थांबवा आणि लिव्हरने दाबून बघा. बुडबुडे बंद झाले तर तुम्ही इतका वेळ पार्किंगमधली हवा काढत होतात.

लिव्हरने दाबूनही येत असतील तर मात्र वरून कुठूनतरी हवा शिरतेय. बॅन्जो बोल्टचे वॉशर बघा. प्रत्येक बॅन्जोला दोन वॉशर असतात, दोन्ही बाजूंना एकेक, आणि ते एकदाच चेपायचे असतात. जुनेच परत लावणं ही आपल्याकडची आवडती काटकसर आहे.

बुडबुडे अजिबात येत नाहीत, तरीही लिव्हर मऊ. आता काय?

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, मीही अडकलो होतो. दोन रविवार गेले, दीड बाटली ऑइल गेलं, नळीत काचेसारखं स्वच्छ ऑइल आणि लिव्हर मात्र लोण्यासारखा. शेवटी कळलं की हवा खाली नव्हतीच. ती मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, बॅन्जो बोल्टच्या वळणात, अगदी वर बसली होती. हवा वर चढते आणि आपण तिला खाली ओढून कॅलिपरमधून बाहेर काढायला बघतो. लिव्हरच्या एका दाबात ऑइल इंचभर खाली सरकतं, लिव्हर सोडला की बुडबुडा पुन्हा आपल्या जागी.

म्हणून वरून सुरुवात करा. गाडी साइड स्टँडवर लावा, हँडल डावीकडे वळवा. बॅन्जोचं टोक टाकीपेक्षा उंच राहत असेल तर मास्टर सिलिंडरचा क्लॅम्प सैल करून तो इतका फिरवा, की हवेला टाकीच्या छिद्राकडे चढ मिळेल. झाकण उघडं ठेवून लिव्हरची फक्त सुरुवातीची तीन-चार मिलिमीटरची हालचाल करा, हळूहळू, पन्नास-साठ वेळा. टाकीच्या तळातून मोहरीएवढे बुडबुडे वर येताना दिसतील. मधूनमधून होसवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

तरी जमलं नाही तर कॅलिपरच्या निपलवर करतो तीच गोष्ट वरच्या बॅन्जोवर करा: फडकं गुंडाळायचं, लिव्हर दाबून धरायचा, बोल्ट जेमतेम सैल करायचा, फुसकन् हवा आणि ऑइल आलं की आवळायचा, मग लिव्हर सोडायचा. माझ्या गाडीत एका "फुस्स"ने दोन रविवारांचं काम झालं. शेवटी तो बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळा आणि सगळीकडे पाणी मारा.

होस बदलला. सिस्टिम पूर्ण रिकामी आहे आणि लिव्हर ऑइल खेचतच नाही.

कोरड्या सिलिंडरमध्ये कप हवाच मागेपुढे करत राहतो. होस काढून मास्टर सिलिंडरच्या तोंडावर बोट दाबा, लिव्हर दाबताना हवा बोटाखालून निसटू द्या, सोडताना बोट घट्ट. काही दाबांत ऑइल बोटाला लागेल. मग होस जोडा.

याहून सोपं म्हणजे उलटं भरणं. केमिस्टकडून पन्नास किंवा साठ मिलिलिटरची सिरिंज घ्या, नळीसकट ताजं ऑइल भरून त्यातली हवा घालवा, निपल उघडा आणि खालून वर हळू ढकला. हवेला जायचं असतं वर, तुम्हीही तिला वरच ढकलताय, त्यामुळे भांडण मिटतं. टाकी भरून वाहणार नाही याकडे मात्र दुसऱ्या कुणाला तरी लक्ष द्यायला सांगा. जुनं काळं ऑइल आत असताना हे करू नका, तळाचा गाळ थेट वरच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो.

त्या बारीक छिद्राचं एवढं काय आहे?

टाकीच्या तळाला दोन छिद्रं असतात, एक मोठं, एक सुईच्या टोकाएवढं. ओलावा धरलेलं ऑइल जुनं झालं की गाळ साचून लहान छिद्र बुजतं. मग टाकीतलं ऑइल, हवा, काहीच नीट ये-जा करत नाही. कधी ब्रेक सुटतच नाही आणि गरम होत आवळत जातो, कधी एअर निघतच नाही. तपासायला सोपं आहे: झाकण काढा, चेहरा लांब ठेवा, लिव्हर अगदी हळू हलवा. ऑइलच्या पृष्ठभागावर छोटं कारंजं उसळलं तर छिद्र मोकळं. उसळलं नाही तर गिटारची सर्वांत बारीक तार किंवा तसलीच एखादी तार हलक्या हाताने घालून साफ करा. ड्रिलचं नाव काढू नका.

मास्टर सिलिंडरचं नवीन किट (आतले कप, सील) टाकलं, तरी तेच. किट खराब निघालं का?

निघूही शकतं, पण आधी कप उलटा बसला नाही ना ते बघा. कपाचं उघडं तोंड प्रेशरच्या बाजूला, म्हणजे स्प्रिंगकडे हवं. कोरडा कप ढकलून बसवला असेल तर त्याची कड दुमडलेली असते, म्हणून बसवताना ब्रेक ऑइलच लावायचं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगून बसतं आणि नवं किट आठवड्यात जुनं होतं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर नख अडकेल असे ओरखडे किंवा खड्डे असतील तर किटवर पैसे घालू नका, पूर्ण सिलिंडर बदला.

रंगीत, आखूड लिव्हर लावल्यापासून ब्रेक बिघडलाय. संबंध आहे का?

शंभर टक्के असू शकतो. पिस्टनला ढकलणारी लिव्हरची नाकी अर्धा मिलिमीटर जरी आखूड असली तर दाब वाया जातो. लांब असली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, छिद्र झाकलेलंच राहतं आणि एअर कधीच निघत नाही. मूळचा लिव्हर परत लावून बघा, फुकटातली चाचणी आहे.

पॅड बदलले आणि लिव्हर एकदम रिकामा गेला!

घाबरू नका. पिस्टन मागे ढकलले होते, ते पुढे यायला दहा-पंधरा दाब लागतात. मात्र हे दाब पार्किंगमध्ये उभ्या उभ्या द्यायचे, गेटबाहेर पडल्यावर रिक्षाच्या मागे नव्हे.

हवा नाही, गळती नाही, सिलिंडर चांगला. तरी स्पंजी लागतो.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या काढून बघा. गंजून अडकल्या असतील तर एकच पॅड डिस्कला वाकवतो आणि तुमच्या बोटांना ते हवेसारखं वाटतं. साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. वरळी सी फेस किंवा मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळी गाडी लावणाऱ्यांच्या पिना लवकर धरतात, खारं पाणी कुणाला सोडत नाही. गाडी जुनी असेल तर रबरी होसही दाबाखाली फुगतो. कुणाला तरी लिव्हर दाबायला सांगून होसभोवती बोटं धरा, फुगणं हाताला कळतं.

घाट उतरताना ब्रेक गेला, खाली आल्यावर आपोआप परत आला. भूत होतं का?

एक्सप्रेसवेवर बाइकला बंदी, म्हणून आपण लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळावरून खाली येतो. उतार तीव्र, मागे कुणीतरी बसलेलं, गाडी न्यूट्रलच्या जवळपास आणि ब्रेक सतत दाबलेला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ (डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा) ताजं असताना किमान २३० अंश सेल्सियसला उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा किमान १५५ पर्यंत उतरतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कॅलिपर तापला की ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. थंड झालं की वाफेचं पुन्हा पाणी, लिव्हर पुन्हा कडक.

परत आला म्हणून ते ऑइल ठेवू नका, त्याच आठवड्यात बदला. एरवीही बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात, आणि मुंबईच्या दमट हवेत मी ती मुदत एक दिवसही ओलांडत नाही. आणि खालच्या गिअरमध्ये उतरा हो, इंजिनही ब्रेकच आहे.

कुठलं ऑइल घालू? डॉट ३, ४, ५, ५.१?

टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं तेच. डॉट ४ च्या गाडीत ५.१ चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते बाकीच्यांत मिसळायचं नाही, नावातल्या एका टिंबाने फसू नका. बाटली सीलबंद आणि छोटी घ्या. गेल्या पावसाळ्यात उघडून माळ्यावर ठेवलेली अर्धी बाटली भांडी घासायलाही उपयोगाची नाही.

अंधेरी सबवेत गाडी पाण्यातून काढली. आत पाणी गेलं असेल?

बंद सिस्टिममध्ये पाणी सहसा तेवढ्यात शिरत नाही. बाहेर आल्यावर ओले पॅड दोन-तीन दाबांत सुकवा. पण त्या पाण्यातली रेती, माती पिस्टनभोवती आणि पिनांवर बसते, म्हणून घरी गेल्यावर कॅलिपर धुवा. गाडी रात्रभर हँडलपर्यंत बुडाली असेल तर विचार न करता ऑइल बदला.

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर हेच चालतं का?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाढत चाललाय. नुसतं ऑइल बदलायला वर दिलेली पद्धत पुरते. पण सिस्टिम पूर्ण कोरडी पडली, तर एबीएसच्या युनिटमधल्या व्हॉल्व्हमागे हवा अडकू शकते आणि ती लिव्हरने हलत नाही. दोष शोधणारं यंत्र जोडून आतला पंप फिरवावा लागतो. इथे हट्ट सोडून सर्व्हिस सेंटरला जा.

मागच्या ब्रेकचं वेगळं काय?

टाकी वेगळी, नळीने जोडलेली. ती नळी पिळली किंवा मुडपली की तिच्यात हवा अडकते. निपल कॅलिपरच्या सर्वांत उंच भागात येत नसेल तर कॅलिपर काढून हातात धरा, निपल आकाशाकडे करा आणि एअर काढा. पॅडच्या मधे लाकडाचा तुकडा हवाच, नाहीतर पिस्टन बाहेर उडी मारेल.

कुर्ल्याहून सेकंडहँड कॅलिपर आणला, एअर निघत नाही.

डावा-उजवा तपासा. निपल खालच्या बाजूला आलं असेल तर कॅलिपर दुसऱ्या बाजूचा आहे. हवा वरच्या कप्प्यात आरामात बसणार आणि तुम्ही खालून ऑइल काढत राहणार. तिथल्या सीएसटी रोडवर फिरताना हे एक लक्षात ठेवलं तर फेरी वाचते. आणि पिस्टन बोटाने सरकतो का, त्यावर गंजाचे डाग आहेत का, हे दुकानातच बघा. होस, सील किट, पॅड या गोष्टी मात्र जुन्या घेऊ नका.

पुढचा ब्रेक नाही, मागचा आहे. गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ का?

नाही. थांबवण्याचं बरंच काम पुढचं चाक करतं, आणि भांडुपच्या एलबीएस रोडवर हळू चालवणं तुमच्या हातात नसतं, समोर उडी मारणाऱ्याच्या हातात असतं. मित्राने मागून पाय लावून ढकलत नेणं तर मुळीच नको. ढकलत न्या किंवा टेम्पोत टाका. दुरुस्तीनंतरही पहिली चाचणी पार्किंगमध्ये, चालण्याच्या वेगाने. पॅडवर ऑइल सांडलं असेल तर ते बदला, घासून उपयोग होत नाही.

लिव्हर रात्रभर हँडलला बांधून ठेवला. सकाळी कडक, संध्याकाळी पुन्हा मऊ. असं का?

बांधून ठेवणं खोटं नाही. दाबाखाली बारीक बुडबुडे आकसतात, वर सरकत कपाजवळ जमतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर छिद्रातून टाकीत निघून जातात. म्हणून सोडताना हळू सोडा, आणि बांधण्याआधी झाकण लावा. शेवटच्या चार बुडबुड्यांसाठी हा उपाय मी अजून वापरतो, सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्यासाठीच जपून ठेवलाय. पण सकाळचा कडकपणा संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर ती आधीची राहिलेली हवा नाही, नव्याने आत येतेय. बॅन्जोचे वॉशर, मग लिव्हरजवळचा बूट, मग कॅलिपरची सीलं, या क्रमाने कोरड्या कागदाने पुसत जा. कागद जिथे ओला होईल तिथे थांबा.